राऊतांचे नऊ ठोके

बोलता बोलता तुमचा शब्द अडकला आणि समोर राऊत असले, तर ते बोटाच्या पेराने टेबलावर नऊ ठोके देतात. हळू, एका लयीत, मोजून नऊ. आठ नाही, दहा नाही. मग हात मांडीवर ठेवतात आणि तुमच्याकडे बघत बसतात. शब्द दोन सेकंदांत येवो की दोन मिनिटांत, राऊत हलत नाहीत.

माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते विचारू नका. मी शुभांगी परब. वसई पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी आहे, तिथलं स्टोअर आणि हजेरी दोन्ही माझ्याकडे. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. माणूस 'मॅडम, ते जरा...' म्हणाला की मी 'दोन नंबरच्या कपाटात, खालचा खण' म्हणून मोकळी. दहातल्या आठ वेळा बरोबर असते. आमचे मिस्टर म्हणतात, लग्न झाल्यापासून मी फक्त वाक्यांची सुरुवात करतो. खोटं नाही ते.

तर कंपनीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी राऊतांना काहीतरी सांगत होते आणि एका पार्टचं नाव मला आठवेना. मला असं सहसा होत नाही. झालं, यांनी काउंटरवर ठोके सुरू केले. मी म्हटलं, "अहो, दार कसलं वाजवताय? मी घरीच आहे." राऊतांचे ठोके चालूच. नऊ झाले, हात खाली. आणि तो एवढासा फाटका माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, चष्म्याला मागे दोरी, असा काही शांत बघत राहिला की मला नाव आठवेपर्यंत घाम फुटला. आठवलं तेव्हा ते म्हणाले, "पोच." आणि पार्ट घेऊन गेले.

हे 'पोच' आणखी एक. तुम्ही राऊतांना चहा द्या, बातमी द्या, शिवी द्या, ते 'पोच' म्हणतात. मिळालं, एवढाच अर्थ. आवडलं की नाही, पटलं की नाही, ते तुमचं तुम्ही समजायचं. थोरल्या शेठनी एकदा त्यांना अर्धा तास झापलं होतं म्हणतात, माल ओव्हनमध्ये तापवून बघायची टेस्ट वेळेत संपली नाही म्हणून. अर्ध्या तासाने राऊत 'पोच' म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. शेठना रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली.

आमचा वॉचमन दुबे, राहायला नालासोपाऱ्याला माझ्याच बाजूला, त्याला वाटायचं की हे नवग्रहांचं काही आहे. "मॅडम, कोई जाप है क्या?" मी म्हटलं, असेल बाबा. त्याने दुसऱ्या दिवशी बाइकच्या टाकीवर नऊ ठोके दिले आणि बाइक पहिल्या किकला सुरू झाली. तेव्हापासून आमच्या इस्टेटीतले निम्मे वॉचमन ड्युटी सुटल्यावर आपापल्या बाइकची टाकी वाजवतात. राऊतांना याचा पत्ता नाही.

पण खरा कहर केला तो पिकनिकला. राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो होतो सगळे. आभार मानायला अकाउंट्सचे सामंत उभे राहिले. सामंतांचं भाषण दरवर्षी तीन वाक्यांचं असतं. त्या वर्षी ते 'आणि शेवटी मी एवढंच...' इथपर्यंत आले आणि अडकले. आम्ही टाळ्यांसाठी हात वर केले होते. समोर भुजिंगचं, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी घातलेल्या पोह्यांचं ताट होतं, वासाने जीव चालला होता. आणि राऊतांनी उलट्या बादलीवर नऊ ठोके दिले. सामंतांना जे आठवायचं होतं ते आठवलंच, शिवाय शाळेपासूनचं बाकीचंही आठवलं. पंचवीस मिनिटं बोलले. शेवटी डोळे पुसून खाली बसले. भुजिंगचं पार चामडं झालं होतं. राऊत मात्र तृप्त. म्हणाले, "अर्धं वाक्य वाईट, परबबाई."

या ठोक्यांचं मूळ राऊतांच्या कामात आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ते काम समजायला मला तीन वर्षं लागली, तुम्हाला तीन मिनिटांत सांगते.

आम्ही केळी पिकवायच्या खोल्यांचे कंट्रोलर बनवतो. हिरवी केळी बंद खोलीत ठेवतात, गारवा, ओल, गॅस सगळं मापात देतात, चार-पाच दिवसांत ती पिवळी होतात. आमच्या एका बोर्डावर अशा चोवीस खोल्या चालतात. प्रत्येक खोलीच्या नावाने बोर्डावर एकेक बारकी चिप, आणि चोवीसच्या चोवीस जणी दोन तारांवर टांगलेल्या. मधोमध एक मोठी चिप. ती माझ्या स्टोअरला येते तेव्हा कोरी असते, तिच्या आत काय असावं ते आपणच लिहून भरायचं. राऊतांनी तिच्यात त्या दोन तारांवर बोलणारं यंत्र बांधलं आणि ते चालवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या तारांना बस म्हणतात आणि त्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर. आत्ता तुमच्या मनात जो विनोद आला तो आमच्याकडे सगळ्यांनी करून झालेला आहे, चहावाल्यानेसुद्धा.

त्या दोन तारांपैकी एकीवर ठोका पडतो आणि दुसरीवर शब्द चालतो. भजनात टाळाच्या ठेक्यावर म्हणतात ना, तसं. ठोका पडला की एक अक्षर, पुढचा पडला की पुढचं. आठ ठोक्यांत शब्द पुरा. नववा ठोका ऐकणाऱ्याचा, त्याने 'पोच' म्हणायचं. आता होतं काय, मध्येच कॉम्प्रेसर सुरू होतो, विजेला झटका बसतो आणि ठोके देणारी मोठी चिप क्षणभर बेशुद्ध पडते. शुद्धीवर येते तेव्हा आपण कोणाला काय विचारत होतो ते तिला आठवत नाही. पण चौदा नंबरच्या खोलीची चिप बिचारी तिसऱ्या अक्षरावर तोंड उघडं ठेवून उभी असते, पुढच्या ठोक्याची वाट बघत. तार तिने धरलेली. ती सोडत नाही तोवर बाकीच्या तेवीस जणींना तोंड उघडता येत नाही. म्हणजे बस अडकली.

"मग करायचं काय?" मी विचारलं होतं.

"नऊ ठोके द्यायचे," राऊत म्हणाले. "काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. नुसते ठोके. ती राहिलेला शब्द पुरा करते आणि तार सोडते. नऊपेक्षा जास्त लागत नाहीत."

"आणि सरळ बंद करून चालू केलं तर?"

मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं राऊतांनी माझ्याकडे पाहिलं.

असो. एवढ्यावरून तुम्हाला वाटेल की माणूस चिपांच्या नादाने वेडा झाला, आणि चिपांचं माणसांना लावायला लागला. मलाही तसंच वाटायचं. आम्ही सगळे तसंच समजून हसायचो. राऊत पन्नाशी ओलांडलेले, बिनलग्नाचे, सांडोरच्या बाजूला त्यांची वाडी. वाडीतली पडवळं, अळूची पानं माझ्या टेबलावर ठेवून जायचे, न बोलता. घरी कोण आहे विचारलं की 'आहेत' म्हणायचे. मी तीन-चार उत्तरं सुचवून पाहिली, त्यांनी एकालाही हो म्हटलं नाही.

रोज एकच्या ठोक्याला ते स्कूटर काढून घरी जायचे आणि अडीचला परत. थोरल्या शेठच्या काळात कोणी काही बोललं नाही. शेठ म्हणायचे, हा माणूस तीन तासांत जे करतो ते दुसरे तीन दिवसांत करत नाहीत, जाऊ दे त्याला झोपायला. आम्हीही धरून चाललो होतो की राऊत वाडीच्या गारव्यात ताणून देतात.

मग शेठचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा निशांत कंपनी बघायला लागला. पोरगा वाईट नाही हो. पुण्याला शिकलेला, सगळ्यांना काका-मॅडम म्हणणारा, स्वतः सकाळी नऊला हजर. पण घाई फार. माझ्यापेक्षा घाई. आम्ही दोघं बोलायला लागलो की एकही वाक्य पुरं होत नाही आणि तरी काम होतं. त्याने आल्या आल्या अंगठ्याचं मशीन बसवलं. जेवायची सुट्टी अर्धा तास, सगळ्यांना सारखी.

राऊतांनी पहिल्या दिवशी एकला अंगठा लावला आणि अडीचला लावला. दुसऱ्या दिवशीही. निशांतने पत्र द्यायला सांगितलं. हजेरी माझी, म्हणून टाइप मीच केलं आणि नेऊनही मीच दिलं. राऊतांनी वाचलं, खाली 'पोच' लिहून सही केली आणि एकला गेले. महिन्याने दुसरं पत्र. पोच, सही, एक ते अडीच.

मी त्यांना म्हटलं, "राऊत, तरुण मुलगा आहे, तुम्ही कारण सांगितलंत तर ऐकेल. काय, पथ्याचं जेवण आहे का? शुगर? घरी कोणी पेशंट?"

"परबबाई," ते म्हणाले, आणि थांबले. मी म्हटलं, "बरं, नका सांगू." आता वाटतं, तेव्हा दोन मिनिटं गप्प बसले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्याच सुमारास निशांत आणि राऊतांचं कामावरूनही वाजलं. निशांतने नेटवरून तयार ड्रायव्हर उतरवला. राऊत ज्याला चार महिने लावतात ते दहा मिनिटांत बोर्डावर चालू. बस अडकली तर? निशांत म्हणाला, "काका, सिंपल आहे. सगळ्यांची पॉवर काढायची, परत द्यायची. दोन सेकंद."

"चोवीस जणींतल्या तेवीस नीट बोलत होत्या," राऊत म्हणाले. "एकीचा शब्द अडकला म्हणून सगळ्यांच्या मुस्कटात?"

"काका, चिप आहे ती. तिला काय वाटणार आहे?"

"तिला नाही वाटत. पण तिने त्या दिवसात मोजलेलं सगळं जातं. मग पहिल्यापासून."

निशांतने हात वर केले. पण तयार ड्रायव्हरच बोर्डात राहिला. आणि त्याच संध्याकाळी मला तिसरं पत्र टाइप करायला सांगितलं. पुढच्या एक तारखेपासून सुट्टी अर्धा तास पाळावी, नाहीतर नोकरी संपली असं समजावं. माझी बोटं कीबोर्डवर फार वेळ रेंगाळली. निशांत म्हणाला, "मंगळवारी जळगावची पार्टी डेमोला येतेय, तोवर ठेवा तुमच्याकडे. डेमोला काका लागतील."

मंगळवारी पार्टी यायची होती तीनला. आली पाऊणला. महाजन म्हणून गृहस्थ, केळीचे मोठे व्यापारी, सोबत भाचा. निशांत त्यांना बसवून चहा मागवेपर्यंत एक वाजला आणि राऊतांची स्कूटर गेटबाहेर पडली. सव्वाला डेमो सुरू केला. वीस मिनिटांत कॉम्प्रेसर चालू झाला, बस अडकली आणि आकड्यांचा पडदा गोठला. निशांतने पॉवर काढली, दिली. चोवीस खोल्यांचे आकडे शून्यापासून. दहा मिनिटांनी परत तेच. महाजन म्हणाले, "आमच्या खोल्यांत चार दिवसांचा माल असतो, साहेब. दर दहा मिनिटांनी विसरणारं मशीन घेऊन काय करू?"

निशांत स्टोअरमध्ये आला, कपाळावर घाम. राऊत दुपारी फोन उचलत नाहीत. म्हणाला, "मॅडम, रिक्षा करा आणि त्यांना असतील तसे घेऊन या. झोपेतून उठवा."

सांडोरला पोचेपर्यंत मी रिक्षात बसून दहा वाक्यं तयार केली होती, एकाहून एक तिखट. केळी आणि भाजीच्या वाफ्यांमधून पायवाट, पुढे कौलारू घर. पडवीत शिरले आणि तोंड उघडणार, तोच राऊतांनी एक बोट वर केलं. थांबा.

पडवीत लाकडी बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. राऊतांचाच चेहरा, फक्त वीस वर्षांनी मोठा आणि एका बाजूने उतरलेला. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. समोर जमिनीवर पाट टाकून राऊत बसले होते. म्हातारे बाहेर वाडीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. "ती... ती..."

राऊतांनी बाकाच्या कडेवर पेराने ठोके दिले. नऊ. मग हात मांडीवर.

मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मला तास वाटला, दोन मिनिटंही नसतील. "ती... ती के..." म्हातारे म्हणाले. आणि माझं तोंड, मेलं, माझ्या ताब्यात कधी होतं? मी म्हटलं, "केरसुणी? केस? खिडकी लावू का? पाणी हवंय?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावरचं सगळं विझलं.

राऊत रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "परबबाई, आता पहिल्यापासून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पायरीवर बसले, पदर तोंडाशी धरून. तिकडे पार्टी खोळंबलेली, रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि इकडे नऊ ठोके, मग शांतता, परत नऊ. म्हाताऱ्यांनी डोळे उघडायला पाच मिनिटं लागली. पुन्हा 'ती'. पुन्हा 'के'. मी मनात शब्द भरत होते, केळी, केवडा, केव्हा, आणि एकेक गिळत होते. वीस मिनिटांनी, त्यांच्या घरच्या बोलीत, तुटक तुटक, पण पुरं वाक्य आलं. अर्थ असा, की ती कोपऱ्यातली केळ कलंडलीय, तिला टेकू दे.

मी वळून पाहिलं. कुंपणाशी एक केळ खरंच झुकली होती, केळ्यांच्या लोंगराच्या भाराने. संध्याकाळपर्यंत मोडली असती. मी तिच्याच शेजारून आत आले होते आणि मला दिसली नव्हती.

"पोच, दादा," राऊत म्हणाले. उठले, बांबू घेतला आणि जाऊन टेकू लावला. म्हातारे बघत होते. टेकू नीट बसल्यावर त्यांनी मान हलवली. मग राऊतांनी त्यांचं तोंड पुसलं, गादीवर आडवं केलं आणि मला म्हणाले, "चला."

रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. हे माझ्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे. राऊतच बोलले, रस्त्याकडे बघत. वडील लवकर गेले. यांना शिकवायचं म्हणून दादाने वाडी ओढली, लग्न लांबवलं, मग ते राहूनच गेलं. आठ वर्षांपूर्वी दादाच्या अंगावरून वारं गेलं. शेजारची मावशी जेवूखाऊ घालते, बाई चांगली आहे, पण चटपटीत. "तुमच्यासारखी," राऊत म्हणाले, "दादाचा शब्द तीच पुरा करते. म्हणून तिच्याशी दादा बोलायचाच बंद झाला. सकाळी जीभ जड असते, संध्याकाळी दमतो. दुपारी तेवढी जराशी सुटते."

"मग निशांतला सांगा की हे," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"नाही," राऊत म्हणाले. "दादाला कोणी कीव केलेली खपत नाही. तुम्ही आलात, पाहिलंत, इलाज नाही. ऑफिसात बोलायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. माझ्याकडे शब्दांची कमी नाही, पण हा मोजून दिला.

गाळ्यावर पोचलो तेव्हा महाजनांचा भाचा खुर्चीत डुलक्या घेत होता. राऊतांनी कोणाकडे बघितलं नाही. स्वतःचा ड्रायव्हर बोर्डात भरला आणि कॉम्प्रेसर मुद्दाम चार वेळा बंद-चालू केला. पडदा दर वेळी अर्धा क्षण थबकला आणि पुढे चालू लागला. एकही आकडा गेला नाही. महाजन म्हणाले, "हे आधी दाखवायचं ना राव." आणि भाच्याला उठवलं.

पार्टी गेल्यावर निशांतने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माझ्याकडून मागवून घेतलेलं तिसरं पत्र टेबलावर होतं.

"काका, तुमचा कोड बेस्ट आहे, मी चुकलो," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक सव्वा तास बसून होतं. उद्या सगळे म्हणतील, राऊतकाकांना दीड तास, मग आम्हाला का नाही? मी काय सांगू त्यांना? मला फक्त कारण द्या. एक कारण. नाहीतर हे पत्र मला द्यावं लागेल."

त्याचं चुकत नव्हतं. मला माहीत होतं, राऊतांनाही माहीत होतं.

राऊतांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "घरी," ते म्हणाले. "घरी माझा दादा..."

आणि अडकले.

सात वर्षं मी या माणसाला ओळखते. दुसऱ्यांचे शेकडो शब्द त्याने सोडवलेले पाहिले. त्याचा स्वतःचा अडकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याचं कोणी काही ऐकून घेईल, याची त्याला सवयच नव्हती.

"दादा म्हणजे मोठे भाऊ?" निशांत म्हणाला. "प्रॉपर्टीचं काही आहे का? की त्यांना..."

राऊतांनी तोंड मिटलं. मान खाली घातली आणि हात पत्राकडे गेला, 'पोच' लिहायला.

माझ्या जिभेवर सगळं होतं. बाक, झुकलेली केळ, वारं गेलेला हात, सगळं. पाच वाक्यांत सांगून मोकळी झाले असते. पण शब्द दिला होता. आणि खरं सांगू, शब्द दिला नसता तरी ते माझं वाक्य नव्हतं.

मी हात पुढे केला आणि निशांतच्या काचेच्या टेबलावर बोटाच्या पेराने ठोके दिले. एक, दोन, तीन. निशांतने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्याने मिटलं. नऊ मोजून झाले. मी हात मांडीवर ठेवला आणि राऊतांकडे बघत बसले.

बाहेर कोणीतरी ड्रिल मशीन चालवत होतं, ते बंद झालं. मी हलले नाही. निशांतही हलला नाही, बापाचं नाव राखलं पोराने.

"दादाला बोलता येत नाही," राऊत म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "दिवसातून एक वाक्य येतं. दुपारी. कधी वीस मिनिटं लागतात, कधी तास. ऐकायला मीच आहे, दुसरं कोणी नाही. मी मध्येच उठलो तर ते वाक्य मरतं." थोडं थांबले. "मला अर्धा तास पुरत नाही."

निशांतने पत्र बाजूला सरकवलं.

"आज काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"केळ कलंडलीय, टेकू दे."

"दिलात?"

"दिला."

निशांतने पत्र उचललं आणि खणात टाकलं. मला म्हणाला, "मॅडम, काकांच्या हजेरीत दुपारचं बघू नका." आणि खुर्ची वळवून खिडकीतून बाहेर बघत बसला.

मी स्टोअरमध्ये येऊन कपाटाच्या दारामागे रडले. लपवत नाही. डोळे धुऊन बाहेर आले तेव्हा राऊत काउंटरशी उभे होते, घरी निघालेले. स्कूटर सांडोरलाच राहिली होती.

"परबबाई," ते म्हणाले, आणि थांबले.

मी काही सुचवलं नाही. काउंटरवर हात टेकून उभी राहिले.

"पोच," राऊत म्हणाले, आणि रिक्षा पकडायला गेले.